नगरपालिकेची बजेट सभा: अडीच स्टार, त्यातला दीड एकट्या वहिनींचा

मिसळीत कट कमी पडला तरी आपण एक स्टार देऊन चार ओळी खरडतो, पण वर्षाच्या वर्षाला घरपट्टी-पाणीपट्टी भरतो त्या नगरपालिकेचा रिव्ह्यू कोण लिहीत नाही. म्हणून म्हटलं आपणच लिहू.

रिव्ह्यू कशाचा ते आधी सांगतो. फेब्रुवारीत नगरपालिकेची बजेटची विशेष सभा असते, पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक नगरसेवकांपुढं ठेवतात, त्यांनी ते तपासायचं, काही कमी-जास्त सुचवायचं आणि मग मंजूर करायचं असं कागदावर आहे. ती सभा पहिल्यापासून शेवटपर्यंत बसून बघितली. गाव सांगली जिल्ह्यातलं आहे, नाव लिहीत नाही, कारण मला तिथंच राहायचंय आणि नळाच्या गळतीचा अर्ज अजून त्यांच्याच टेबलावर आहे.

एन्ट्री फ्री. सभा लोकांसाठी उघडी असते हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, दारातल्या शिपायाला पण नव्हतं, "कुणाकडनं आलाय ओ?" म्हणून विचारलं त्यानं. कुणाकडनं नाही, घरपट्टी भरतो, बघायला आलोय म्हटल्यावर जरा बघत राहिला आणि मागच्या भिंतीकडची खुर्ची दाखवली. बसायची सोय बरी, पंखे चालू, माईक मात्र दोनच आणि त्यातला एक अध्यक्षांपुढं, त्यामुळं दुसरा हातोहात फिरत होता आणि ज्याच्याकडं गेला तो सोडायला तयार नाही. मागं बसणाऱ्याला निम्मं ऐकू येत नाही. चहा दोनदा आला, बिस्किटं पण होती, प्रेक्षकांना पण दिला, त्याबद्दल मार्क कापत नाही.

आता ही सभा यंदा एवढी महत्त्वाची का, तर जवळजवळ चार वर्षं असली सभा झालीच नव्हती. २०१६ ला निवडून आलेल्या बॉडीची मुदत २०२१ च्या शेवटी संपली, ओबीसी आरक्षणाचा विषय सुप्रीम कोर्टात अडकला, आणि मग निवडणूक पार डिसेंबर २०२५ ला झाली, निकाल २१ तारखेला. मधली सगळी बजेटं प्रशासकानं, म्हणजे शासनानं नेमलेल्या अधिकाऱ्यानं मांडली आणि त्यानंच मंजूर केली. म्हणजे मांडणारा तोच, तपासणारा तोच, सही करणारा पण तोच. तेव्हा आम्ही कट्ट्यावर बसून लय बोलायचो की नगरसेवक पाहिजेत, कुणीतरी विचारणारं पाहिजे. तर आता विचारणारे आलेत, बघू काय विचारतात, एवढ्याच अपेक्षेनं गेलो होतो.

आधी प्रॉडक्टबद्दल, म्हणजे बजेटच्या पुस्तिकेबद्दल. छपाई बरी, कव्हरवर फोटो भरपूर, आत फॉन्ट एवढा बारीक की चष्मा असून मोबाईलची बॅटरी लावून वाचावं लागतं. जमेची बाजू पुढं, खर्चाची मागं, प्रत्येक लेखाशीर्षापुढं, म्हणजे जमा-खर्चाच्या एकेका नावापुढं, उभे रकाने. मागच्या वर्षी प्रत्यक्षात काय झालं, चालू वर्षाला काय धरलं होतं, आतापर्यंत किती झालं, मग सुधारित आकडा आणि शेवटी पुढच्या वर्षाचा अंदाज. वाचणारा माणूस सरळ शेवटच्या रकान्यावर जातो कारण तो ठळक छापलेला असतो आणि पेपरात तोच येतो. खरी गंमत पहिल्या रकान्यात आहे. समजा रस्ते दुरुस्तीला गेल्या साली एक कोट धरले, झाले वीस लाख, आणि यंदा परत सव्वा कोट धरलेत, तर हे बजेट नाही, ही इच्छा आहे. हे कळायला सीए लागत नाही, बोट ठेवून आडवं वाचायला लागतं फक्त.

पुस्तिका मिळवायची कशी तर वेबसाईटवर शोधू नका, जुनी सापडेल नाहीतर लिंक उघडणार नाही. माहिती अधिकाराच्या कायद्यात कलम ४ आहे, त्यात बजेट कुणी न मागता आपणहून जाहीर करायचं असं स्पष्ट लिहिलंय, २००५ पासून. तरी मागावी लागते. अर्जाला दहा रुपये आणि कॉपीला पानाला दोन रुपये. मला एका ओळखीच्या नगरसेवकानं त्याची कॉपी वाचायला दिली, कोरी करकरीत होती, पानं एकमेकांना चिकटलेली, आणि सभेच्या आदल्या रात्री दिली यावरनं काय ते समजा. त्याचा पण पूर्ण दोष नाही म्हणा, विशेष सभेची नोटीस तीन दिवस आधी दिली की कायद्याला चालतं, तीन दिवसांत एवढे आकडे आणि त्यात लग्नसराई, कोण वाचणार.

सभा सुरू झाली. पहिला वेळ अभिनंदनात. अध्यक्षांचं अभिनंदन, आमदारांचं अभिनंदन, पालकमंत्र्यांचं अभिनंदन, नव्यानं निवडून आल्याबद्दल एकमेकांचं अभिनंदन. मग लेखापालांनी भाषण वाचलं, "शिलकी अंदाजपत्रक, कोणतीही करवाढ नाही," आणि पत्रकारांच्या बाकावरनं दोघं तिघं तिथंच उठून गेले कारण त्यांची बातमी झाली होती. इथं थोडं थांबतो कारण हा शिलकी शब्द लोकांना लय फसवतो. शिल्लक म्हणजे पालिकेनं काटकसर करून पैसे वाचवले असं वाटतं. तसं काही नाही. सुरुवातीच्या शिलकेत न वापरलेली अनुदानं पडलेली असतात, शासनाकडनं आलेले पैसे, कामं झाली नाहीत म्हणून बँकेत तसेच, ठेकेदारांच्या अनामत रकमा पण त्यातच. ती शिल्लक पुढं ओढायची, वर अजून न आलेली अनुदानं जमेत धरायची, आणि खाली काही हजार किंवा लाख शिल्लक दाखवायची. न झालेल्या कामांची शिल्लक आहे ती, तिचा हार घालून सत्कार कशाला.

मग नगरसेवकांची भाषणं. एक सांगतो, मी सगळ्यांची सारखी चेष्टा करणार नाही, पहिल्यांदाच निवडून आलेली पोरं पोरी आहेत त्यात, पण बहुतेकांचं बोलणं एकच. माझ्या प्रभागात गटर, माझ्या प्रभागात पेव्हिंग ब्लॉक, माझ्या प्रभागात हायमास्ट, ओपन जिमला तरतूद करा, स्मशानभूमीला शेड. मागण्या चुकीच्या नाहीत, आमच्या गल्लीतलं गटर पण तुंबलेलंच आहे. पण प्रत्येकजण खर्चाच्या बाजूला अजून एक ओळ घालायला सांगतोय आणि ती ओळ कुठनं भरायची हे एकजण बोलत नाही. अध्यक्ष पण चांगले, सगळ्यांना "घेऊ, घेऊ." म्हणजे कुणालाच नाही.

आणि याच सभेत एक सदस्य उठून म्हणाले की घरपट्टीच्या थकबाकीवरची शास्ती, म्हणजे दंड, पूर्ण माफ करा, लोक हैराण झालेत. बाकं वाजली. महिन्याला दोन टक्के शास्ती लागते हे खरंय, वर्षाला चोवीस टक्के होते, सावकारीच झाली, गरिबाला ती जड जातेच. पण त्याच माणसानं पाच मिनिटं आधी स्वतःच्या प्रभागात सभागृह मागितलं होतं ओ! थकबाकी कुणाकुणाची आहे, पहिली वीस नावं मोठ्या मिळकतींची आहेत की झोपडपट्टीतली, हा प्रश्न कोण विचारणार? कुणीच नाही विचारला. ती यादी वाचली तर समोर बसलेल्यांतले दोघं तिघं खाली बघतील असं माझ्या शेजारचे एक रिटायर्ड गुरुजी हळूच म्हणाले. खरं खोटं गुरुजींना माहीत.

आता वहिनींवर येतो. वॉर्डाचं नाव सांगत नाही, पहिल्यांदाच निवडून आलेल्या, बचत गटाचं काम केलेल्या. भाषण नाही, शेर नाही, अभिनंदनाचं एक वाक्य, आणि पुस्तिकेत पिवळ्या चिठ्ठ्या लावून आणलेल्या. माईक हातात आल्यावर सरळ म्हणाल्या, "साहेब, पाणीपट्टीतनं आपल्याला वर्षाला किती येतात आणि पाणी उचलायच्या लाईट बिलाला किती जातात, दोन्ही आकडे एकदम सांगा."

लेखापाल पुस्तिका चाळायला लागले. पुढं गेले, मागं आले. मुख्याधिकारी म्हणाले, "मॅडम, लेखी देतो."

"लेखी नको साहेब, पुस्तकात असंल की. पान नंबर सांगा, मी काढते."

सभागृहात जरा हशा झाला, पण साहेब हसले नाहीत. पाणीपट्टी जमेच्या पानावर सापडली. लाईट बिल मात्र एका जागी नव्हतंच, थोडं पाणीपुरवठ्यात, थोडं स्ट्रीट लाईटबरोबर एकत्र, आणि थकलेलं बिल वेगळ्या देण्यात. वहिनी म्हणाल्या, "आमच्या गटात शंभर रुपयाचा हिशोब एका ओळीत असतो, ह्यो तीन जागी कसा?" कुणी उत्तर दिलं नाही, पण तेवढ्या वेळात मागच्या रांगेतल्या चार नगरसेवकांनी पहिल्यांदा पुस्तिका उघडली हे मी स्वतःच्या डोळ्यानं बघितलं. दीड स्टार तिथंच दिला.

हा प्रश्न साधा वाटतो पण बहुतेक गावांत पालिकेच्या पैशाची गळती इथंच आहे. नदीवरनं पाणी उचलायचं, टाकीत चढवायचं, वीज महावितरणची, आणि पट्टी वर्षाला ठोक, मीटर नाहीत नाहीतर असून बंद. त्यात पाईपलाईनची गळती. पाण्याचा खर्च पाण्यातनं निघत नाही, मग तो घरपट्टीतनं भागतो, आणि गटराला पैसे उरत नाहीत. म्हणजे त्या सगळ्या गटर मागणाऱ्यांचं उत्तर वहिनींच्या प्रश्नात होतं, पण जोडून बघायला कुणाला सवड नव्हती.

त्यांचा दुसरा प्रश्न राखीव निधीवर होता. महिला बालकल्याणला पाच टक्के, दुर्बल घटकांना पाच टक्के, दिव्यांगांना पाच टक्के, हे सगळीकडं ठेवावं लागतं आणि सगळीकडं ठेवलेलं असतं, पुस्तिकेत सगळ्यात स्वच्छ छापलेली ओळ हीच. विचारायचं ते पहिल्या रकान्याचं, की खर्च किती झाला. वहिनींनी तेच विचारलं आणि वर म्हणाल्या की मार्चच्या शेवटच्या आठवड्यात शिलाई मशीनचं वाटप नको, जूनमध्ये बायकांना विचारून ठरवा. यावर अध्यक्षांनी "चांगली सूचना" म्हटलं. सूचना म्हटलं की ती इतिवृत्तात जाते आणि तिथंच राहते, उपसूचना, म्हणजे ठरावात बदल, म्हणून मांडली असती आणि अनुमोदक, म्हणजे पाठिंबा देणारा दुसरा सदस्य, मिळाला असता तर मतदान घ्यावं लागलं असतं. हे त्यांना कुणीतरी सांगायला पाहिजे. निवडून न येता नेमलेले स्वीकृत सदस्य कशासाठी असतात ओ? मताचा अधिकार नाही, पण जाणकार माणूस सभागृहात असावा म्हणून ती सोय आहे, एखादा रिटायर्ड लेखाधिकारी घेतला तर अख्ख्या सभागृहाला आकडे वाचून दाखवेल. पण ती जागा कुणाला जाते हे तुम्हाला मला माहीत आहे. पडलेल्या उमेदवाराचं पुनर्वसन.

आता प्राधान्यक्रमाचं बोलू, कारण सभेत हा शब्द सगळ्यात जास्त वापरला गेला आणि सगळ्यात कमी समजून घेतला गेला. बजेटचा एकूण आकडा मोठा दिसतो, पण नगरसेवकांच्या हातात त्यातलं थोडंच असतं. जकात गेली तिच्या बदल्यात शासनाचं सहायक अनुदान येतं, ते पगाराला जातं. केंद्राच्या वित्त आयोगाचे पैसे येतात, पंधराव्या आयोगात आपल्यासारख्या छोट्या शहरांना त्यातले साठ टक्के बंधित होते, पिण्याचं पाणी आणि स्वच्छता-कचरा यावरच खर्च करायचे, दुसरीकडं वळवता येत नाहीत. नगरोत्थान, वैशिष्ट्यपूर्ण योजना, दलित वस्ती, जिल्हा नियोजनचा निधी, हे सगळं कामाच्या नावानिशी येतं, कुठला रस्ता आणि कुठला चौक ते वरती मुंबईत नाहीतर सांगलीला ठरून येतं, सभागृहात फक्त "मंजूर" म्हणायचं असतं. उरतं काय तर स्वतःची घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं, बाजार फी, बांधकाम परवान्याचे पैसे. त्यातनं कचऱ्याचा ठेका, डिझेल, लाईट बिल, पेन्शन गेलं की हातात राहील तेवढंच खरं बजेट. प्राधान्यक्रम ठरवायचा तो त्या उरलेल्या पैशात. त्या पैशाबद्दल सभेत एक मिनिट चर्चा झाली नाही. गाळ्यांची भाडी कधी वाढवली, किती गाळे मुदत संपून तसेच चालू आहेत, हे पण नाही. बाजारपेठेतले गाळे, कुणाचे पाहुणे कुणाच्या गाळ्यात, कोण तोंड घालणार.

अजून एक गोष्ट कुणाच्याच लक्षात आली नाही याचं मला नवल वाटलं. पंधराव्या वित्त आयोगाचा काळ ३१ मार्च २०२६ पर्यंतचा, १ एप्रिलपासून सोळावा. मग पंधराव्याचे जे पैसे पडून आहेत त्याची कामं कुठपर्यंत आलीत, किती खर्ची पडणार, हा या सालच्या सभेतला पहिला प्रश्न असायला पाहिजे होता. विरोधी पक्षाच्या गटनेत्यांना ही फुकटची संधी होती. ते बोलले पुतळ्याच्या सुशोभीकरणावर.

लेखापरीक्षणाचा तर विषयच निघाला नाही. शासनाचे स्थानिक निधी लेखापरीक्षावाले येऊन हिशोब तपासून जातात, आक्षेप काढतात, अग्रिम घेतले ते परत नाहीत, निविदा नाही, पावती नाही, मोजमाप पुस्तकात खाडाखोड, असलं. त्या आक्षेपांची पूर्तता झाली का हे विचारायला नगरसेवकाला ना पैसे लागतात ना बहुमत. मागच्या चार वर्षांचे रिपोर्ट म्हणजे प्रशासकाच्या काळातले, सत्ताधारी आणि विरोधक दोघांचेही हात त्यात नाहीत, म्हणजे विचारायला कुणाला लाज पण वाटायचं कारण नाही, तरी नाही.

सांगलीच्या महापालिकेशी तुलना करून बघितली म्हणून थोडं सांगतो. तिथं ७८ नगरसेवक, आणि पैशाचे बहुतेक विषय आधी १६ जणांच्या स्थायी समितीपुढं जातात, शिवाय मुख्य लेखापरीक्षक हे वेगळं पद आहे. म्हणजे निदान कागदावर तरी तपासायला एक छोटी खोली आहे जिथं आकड्यांवर बोलता येतं. तिथं पण २०२३ च्या ऑगस्टपासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत सभागृह नव्हतंच. छोट्या पालिकेत स्थायी समिती असते पण तिची बैठक कधी होते हे नगरसेवकांनाच विचारलं तर एकमेकांकडं बघतात, मग सगळा भार एका दुपारच्या सभेवर येतो, आणि ती दुपार अभिनंदनात जाते.

शेवटी मतदान नाही, काही नाही, "मंजूर? मंजूर मंजूर," बाकं वाजली, फोटो, हार. कपात एक रुपयाची झाली नाही, वाढ किती झाली हे अध्यक्षांना "अधिकार देण्यात येत आहेत" या वाक्यात गेलं. हे वाक्य ऐकलं की कान टवकारा. सगळ्या सदस्यांच्या सूचनांचा समावेश करून अंदाजपत्रक अंतिम करायचे अधिकार अध्यक्षांना, म्हणजे सभेत बसलेल्यांनी आपलं काम दुसऱ्याला देऊन घरी जायचं.

रेटिंग: जागा आणि चहा अर्धा स्टार, सभा वेळेवर सुरू झाली आणि मला कुणी हाकललं नाही म्हणून अर्धा, वहिनी दीड. पुस्तिकेला शून्य, पण पुढच्या साली पीडीएफ पंधरा दिवस आधी टाकली आणि लाईट बिल एका ओळीत आणलं तर लगेच वाढवतो.

कुणी जाणार असेल तर बजेटच्या सभेपेक्षा नेहमीच्या सर्वसाधारण सभेला जा असं सांगेन. तिथं मागच्या महिन्याच्या जमाखर्चाचा विषय बहुतेक वेळा असतो, विषयपत्रिकेत मधेच कुठंतरी, आणि तो इतक्या वेगानं मंजूर होतो की माईक पण पोचत नाही. बिलं तिथं असतात. कार्योत्तर मंजुऱ्या तिथं असतात, म्हणजे काम झालं, पैसे दिले, आता विचारतोय. आणि आयत्या वेळचे, म्हणजे विषयपत्रिकेत नसलेले विषय पण तिथंच येतात. नगरसेवक ओळखीचा असेल तर त्याला नुसतं एवढं म्हणा की दादा, या महिन्यातलं सगळ्यात मोठं बिल कुणाचं होतं? त्याला माहीत नसेल तर पुढच्या वेळी बघून येईल.

अपडेट: वहिनींना लेखी उत्तर मिळालं. एक पान आहे. पाणीपट्टीचा आकडा दिलाय, लाईट बिलाच्या जागी "माहिती संकलित करण्याचे काम चालू आहे" असं लिहिलंय. पुढच्या सर्वसाधारण सभेला त्या तेच पान घेऊन उभ्या राहणार आहेत म्हणे, आणि या वेळी अनुमोदक पण ठरवून ठेवलाय.